छायाचित्रातील रंग आणि छपाईपूर्व पारख

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मात्र हा परिचय बहुधा पाठ्यपुस्तकातून, दिनदर्शिकेवरून अथवा एखाद्या कार्यालयाच्या भिंतीवरील तसबिरीतून झालेला असतो. अशी तीन छापील चित्रे एके ठिकाणी आणून शेजारी शेजारी मांडली, तर एकात बोधिसत्त्वाची काया पिवळट दिसते, दुसऱ्यात ती तांबूस होते आणि तिसऱ्यात तिच्यावर राखी छटा चढलेली असते. चित्र एकच, लेणेही एकच; मग यांतील खरा रंग कोणता?

हा प्रश्न केवळ कलारसिकांपुरता नाही. पिकाच्या पानावरील ठिपक्याचे छायाचित्र पत्रकात छापणारा कृषी अधिकारी, शाळेच्या वार्षिकात मुलांची छायाचित्रे देणारा शिक्षक, गावच्या यात्रेची वा बचतगटाच्या वस्तूंची पुस्तिका काढणारा ग्रामसेवक, या सर्वांपुढे तोच प्रश्न उभा राहतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आहे आणि तालुक्याच्या गावीही रंगीत छपाई होऊ लागली आहे. परंतु छायाचित्र काढणे सोपे झाले, म्हणून रंग जसाच्या तसा कागदावर उतरविणे सोपे झाले असे नाही. डिजिटल छायाचित्रातील रंग छापील पानापर्यंत येताना कोठे कोठे बदलतो आणि छपाईपूर्वी त्याची पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याचा आरंभ हैदराबादच्या एका जुन्या ग्रंथप्रकल्पापासून करणे सोयीचे होईल, कारण आज आपल्याला पडणाऱ्या बहुतेक अडचणी त्या प्रकल्पापुढेही होत्या.

मराठवाडा 1956 सालापर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता आणि अजिंठ्याची लेणी त्यामुळे निजाम सरकारच्या अखत्यारीत येत. या सरकारने 1914 साली पुरातत्त्व खाते स्थापन केले व गुलाम याझदानी यांची त्याच्या प्रमुखपदी नेमणूक केली. खात्याचे मुख्य कार्यालय हैदराबादेस आणि त्याचा सर्वांत मोलाचा ठेवा अजिंठ्याच्या डोंगरात, अशी ही स्थिती होती. त्या ठेव्याची रंगीत प्रतिकृती जगापुढे ठेवण्याचे प्रयत्न याझदानींच्या आधीही झाले होते, पण त्यांचा इतिहास मोठा दुर्दैवी आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून नकला केल्या. त्यांतील बहुतेक 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह नवीन नकला करविल्या. त्यांतल्याही अनेक 1885 साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. ज्या उरल्या त्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ 1896-97 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असित हालदार, वेंकटप्पा आदी तरुण चित्रकार अजिंठ्यास येऊन राहिले. त्यांत हैदराबादचे सय्यद अहमद हेही होते.

हाताने केलेली नक्कल कितीही निष्ठेने केली, तरी तिच्यात नक्कल करणाऱ्याचा डोळा उतरतोच. शिवाय नकला करणाऱ्यांनी मूळ चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर रोगण चढविले. तात्पुरती चित्रे उजळली. पण कालांतराने ते रोगण पिवळे पडले, काळवंडले आणि खालच्या निळ्या व पांढऱ्या रंगांवर जणू पिवळी काच बसली. आज संगणकावर छायाचित्राचा भडकपणा वाढविण्याची कळ दाबताना या रोगणाची आठवण ठेवावी. चित्र क्षणभर उठून दिसते हे खरे, पण ज्या गोष्टीसाठी ते छापावयाचे तीच गोष्ट त्याखाली झाकली जाते.

निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात इटलीहून लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावून भित्तिचित्रांचे जतन करविले. त्यानंतर याझदानींनी मोठ्या ग्रंथाचे काम हाती घेतले. हा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमार्फत 1930, 1933, 1946 आणि 1955 असा चार भागांत प्रसिद्ध झाला. पहिला भाग निघाला तेव्हा निजामाचे राज्य होते. शेवटचा निघाला तेव्हा संस्थान विलीन होऊन सात वर्षे लोटली होती, आणि वर्षभरातच अजिंठा हैदराबाद राज्यातूनही बाहेर पडणार होता. ग्रंथाच्या लांबलचक नावातच एक गोष्ट आवर्जून सांगितलेली आहे. ती म्हणजे यातील रंगीत व एकरंगी प्रतिकृती छायाचित्रणावर आधारलेल्या आहेत. माणसाच्या हाताऐवजी भिंगाची साक्ष घेतली आहे, असा तो दावा होता.

भिंगाची साक्ष म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्या काळची रीत पाहिली पाहिजे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1861 साली लंडनमध्ये एका रंगीत फितीची छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळणीतून वेगवेगळी घेतली आणि त्याच रंगांच्या प्रकाशात ती पडद्यावर एकावर एक टाकून फितीचे रंग पुन्हा दाखविले. पुढील काळातील रंगीत मुद्रण याच तत्त्वावर उभे राहिले. एकाच दृश्याची तीन गाळण्यांतून तीन निगेटिव्ह घ्यावयाची, त्यांवरून तीन ठसे करावयाचे आणि पिवळ्या, किरमिजी व निळसर शाईने ते एकावर एक छापावयाचे. यालाच रंगविभाजन म्हणत. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरही तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची बारीक जाळी असते आणि आजच्या ऑफसेट यंत्रावरही त्याच तीन शाया व जोडीला काळी शाई असते. साधने बदलली, तत्त्व बदललेले नाही.

आता अडचण पाहा. चित्र अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यात, त्याचे जाणकार हैदराबादेत आणि प्रकाशक इंग्लंडात. भिंत उचलून मुद्रणालयात नेता येत नाही. छापलेला रंग बरोबर आहे की नाही, हे मूळ चित्र ज्याने त्याच्या जागी पाहिले आहे त्यानेच सांगावयाचे. आणि तोही ते स्मरणातून सांगणार असेल, तर त्या सांगण्याला फारसा अर्थ नाही. डोळ्याला दोन रंग शेजारी असताना त्यांतील फरक फार सूक्ष्मपणे कळतो, पण एकट्या रंगाची आठवण तो अगदी वाईट ठेवतो. म्हणूनच कच्ची छपाई, म्हणजे ज्याला छापखान्यात प्रूफ म्हणतात ती, हाती घेऊन मुळाशी अगर मुळाच्या विश्वसनीय नमुन्याशी भिडवून पाहणे हा रंगीत मुद्रणाचा कणा ठरतो. आपल्या खात्यांतही हीच तऱ्हा असते. शेत गडचिरोलीत, छायाचित्र तपासणारा अधिकारी पुण्यास आणि छापखाना तिसऱ्याच शहरात. अंतर कमी झाले असले, तरी पेच तोच आहे.

हा पेच सुटावा कसा, हे पाहण्यापूर्वी रंग बदलतो का, ते समजून घेऊ. पडद्यावरील चित्र प्रकाशाचे असते. तेथे तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिसळला की पांढरा होतो. कागदावरील चित्र शाईचे असते. शाई प्रकाश देत नाही, उलट कागदावरून परतणाऱ्या पांढऱ्या प्रकाशातून काही भाग शोषून घेते. तिन्ही शाया पूर्ण मिसळल्या तर काळपट तपकिरी होते, म्हणूनच चौथी काळी शाई लागते. या दोन पद्धतींचे प्रदेश एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. पडद्यावर दिसणारे कित्येक तेजस्वी रंग शाईला साधतच नाहीत. पैठणीचा राणी रंग, झेंडूचा धगधगता केशरी, पोपटी हिरवा, मोराच्या मानेवरील निळा हे त्यांतले नेहमीचे बळी होत. विणकराने पाठविलेली पैठणी मोबाइलवर झळाळते आणि पुस्तिकेत मळकट होते, यात छापखान्याने हयगय केलीच असेल असे नाही. त्या रंगाला चार शायांच्या राज्यात जागाच नसते. तो रंग हवाच असेल, तर पाचवी विशेष शाई वापरावी लागते व तिचा खर्च आधीच धरावा लागतो.

गंमत अशी, की अजिंठ्याच्या चित्रांना ही अडचण फारशी येत नाही. त्यांतील बहुतेक रंग मातीचे आहेत. तांबडी व पिवळी गेरू, हिरवी माती, चुन्याचा वा पांढऱ्या मातीचा पांढरा, काजळीचा काळा; अपवाद एका निळ्याचा, जो दूर बदखशानकडून येणाऱ्या लाजवर्दाचा आहे. मातीचे रंग चार शायांत सहज बसतात. परंतु त्यांचा धोका निराळा आहे. तपकिरी, राखी, सावळ्या छटांत तिन्ही शायांचे प्रमाण इतके नाजूक तोललेले असते, की एका शाईत दोन-चार टक्क्यांचा फरक पडला तरी सारी भिंत हिरवट अथवा तांबूस होते. भडक रंग चुकला तर तो फिका वाटतो. सौम्य रंग चुकला तर तो दुसराच रंग होतो.

शिक्षकांनी या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण माणसाची कातडी याच सौम्य प्रदेशात मोडते. वर्गाच्या छायाचित्रात निरनिराळ्या वर्णाची मुले शेजारी उभी असतात. अनेक मोबाइल चेहरा ओळखून तो आपोआप उजळ व गुळगुळीत करतात. त्यानंतर जुळणी करणारा माणूस आणखी उजळपणा देतो. शेवटी सावळ्या मुलीचा चेहरा तिच्या आईलाही परका वाटावा असा छापला जातो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील सावळी राजकन्या शतकानुशतके आपल्या वर्णासह भिंतीवर नांदत आहे. शाळेच्या वार्षिकाने त्या वर्णाची लाज बाळगण्याचे कारण नाही. छायाचित्र काढण्यापूर्वी मोबाइलमधील सौंदर्यवर्धनाची सोय बंद करावी, आणि प्रूफावर प्रथम याच चेहऱ्यांकडे पाहावे.

रंगाविषयी बोलताना शब्द अपुरे पडतात. "जरा तांबूस करा", "थोडा उठाव द्या" असे शेरे प्रूफावर लिहिले जातात आणि प्रत्येक जण त्यांचा आपापला अर्थ लावतो. यावर उपाय म्हणून रंग आकड्यांत सांगण्याची पद्धत निघाली. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 1931 साली सामान्य माणसाच्या दृष्टीचे मापन करून रंगाला निर्देशांक देण्याची रीत ठरविली. 1976 साली त्याच आयोगाने तिची अधिक सोयीची लॅब नावाची आवृत्ती मान्य केली, तीत एक आकडा उजळपणाचा, दुसरा तांबड्या-हिरव्याचा व तिसरा पिवळ्या-निळ्याचा असतो. ही काही परदेशी चैन नव्हे. आपल्या राष्ट्रध्वजाचे भारतीय मानकही केशरी, हिरवा व निळा हे रंग केवळ नावाने सांगून थांबत नाही; त्यांचे निर्देशांक देते.

संगणकावरील रंगव्यवस्था याच आकड्यांवर चालते. 1993 साली निरनिराळ्या उत्पादकांनी आंतरराष्ट्रीय रंग मंडळ स्थापन करून प्रत्येक साधनासाठी एक 'प्रोफाइल' ठरविण्याची पद्धत आणली. प्रोफाइल म्हणजे त्या साधनाची रंगभाषा सांगणारा दुभाषी होय. कॅमेऱ्याच्या फाइलमधला तांबड्याचा 200 हा आकडा एकटा निरर्थक आहे. कोणाच्या मापाने 200, हे प्रोफाइल सांगते. पायली गावोगावी लहानमोठी असे, तेव्हा नुसते "चार पायल्या" म्हणून भागत नसे, त्यातलाच हा प्रकार. एसआरजीबी हे 1996 साली पुढे आलेले सर्वसाधारण माप, अडोब आरजीबी हे 1998 चे अधिक रुंद माप. काही मोबाइल आणखी निराळे माप वापरतात. फाइलमधून प्रोफाइल काढून टाकले, की पुढचा माणूस आपल्या मनाचे माप लावतो आणि तेथेच रंगाचा पहिला घात होतो.

छायाचित्र काढताना सर्वांत जास्त महत्त्व प्रकाशाला आहे. संध्याकाळचे ऊन पिवळे, झाडाखालची सावली हिरवी, पत्र्याच्या निळ्या छपराखालील उजेड निळा. कॅमेरा हे सारे नोंदवितो, डोळा मात्र ते आपल्या नकळत दुरुस्त करून घेतो. म्हणून ज्या छायाचित्रात रंगाला अर्थ आहे, त्यात पहिल्या चौकटीत एक राखी पत्ता धरावा. छायाचित्रणाच्या दुकानात अठरा टक्के परावर्तनाचा असा पत्ता मिळतो. तेवढ्या एका चौकटीवरून संगणकावर प्रकाशाची छटा काढून टाकता येते व तोच हिशेब मागाहून काढलेल्या सर्व चौकटींना लावता येतो. पत्ता नसल्यास निदान निळसर चमक नसलेला साधा पांढरा कागद धरावा. अजिबात काही न धरण्यापेक्षा ते बरे. चांगल्या कॅमेऱ्यावर रॉ फाइल ठेवावी, कारण जेपेग फाइलमध्ये कॅमेऱ्याने आपला निर्णय आधीच देऊन टाकलेला असतो. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. छायाचित्र व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून पाठवू नये. तेथे ते आक्रसते व त्याचा तपशील जातो. पाठवायचेच असेल तर फाइल म्हणून पाठवावे. छपाईच्या आकारात दर इंचाला 300 बिंदू असावेत, हा सर्वसाधारण दंडक आहे.

रंग चुकला तर किती बिघडते, याचे एक उदाहरण भाताच्या शेतीतून देतो. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पानांच्या रंगाचा एक तक्ता प्रचारात आणला. प्लास्टिकच्या पट्टीवर पिवळट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार किंवा सहा छटा असतात. पूर्ण उमललेले सर्वांत वरचे पान पट्टीवर ठेवून त्याची छटा कोणत्या क्रमांकाशी जुळते ते पाहावयाचे. अशी दहा पाने पाहून निम्म्याहून अधिक पाने ठरलेल्या क्रमांकाखाली आली, तर युरिया द्यावयाचा, नाही तर थांबावयाचे. पाहताना अंगाची सावली पानावर पाडावी, थेट उन्हात पाहू नये आणि दर वेळी त्याच माणसाने, साधारण त्याच वेळी पाहावे, असेही सूचनेत असते. रंगपरीक्षणाचे सारे शास्त्र या साध्या सूचनेत आलेले आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण पुस्तिकेत या तक्त्याचे छायाचित्र पूर्ण आकारात छापावे, म्हणजे शेतकऱ्याला तक्ता विकत घ्यावा लागणार नाही, अशी कल्पना निघाली. पुस्तिकेची प्रुफे प्रस्तुत लेखकाने वाचली होती. ऱ्हस्व-दीर्घ तपासले, आकडे तपासले. रंगीत पान ट्यूबलाइटखाली पाहून "ठीक" असा शेरा दिला. पुस्तिका साध्या मॅपलिथो कागदावर छापून आली. तिसरी व चौथी पट्टी जवळपास एकच झाली होती. शिबिरात एका वयस्क शेतकऱ्याने पान त्या दोन्ही पट्ट्यांवर ठेवून शांतपणे विचारले, "साहेब, यूरिया टाकायचा की नाही?" उत्तर देता आले नाही. उरलेल्या प्रतींतील ते पान खळीने चिकटवून बंद करावे लागले. तक्ता प्लास्टिकचाच का असतो आणि त्याचे छायाचित्र हे केवळ ओळखीसाठी आहे असे खाली का लिहावयाचे, हे त्या दिवशी कळले.

वास्तविक या बाबतीत मार्गदर्शन घेण्यासारखी जागा हैदराबादच्या वेशीवरच आहे. पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने ज्वारी-बाजरीच्या रोगांची ओळख करून देणारी सचित्र पुस्तिका 1978 साली काढली. शेतात उभ्या असलेल्या माणसाने पुस्तिकेतील चित्र कणसाशी व पानाशी ताडून पाहावे, हा अशा पुस्तिकेचा हेतू असतो. तेथे तांबेऱ्याचा तपकिरी आणि करप्याचा तपकिरी सारखा छापून चालणार नाही.

आता संगणक व छापखाना यांकडे वळू. ज्या पडद्यावर छायाचित्र दुरुस्त करावयाचे तो आधी मापून घेतला पाहिजे. यासाठी पडद्यावर टेकवून ठेवावयाचे एक लहान उपकरण मिळते. एका जिल्ह्यात असे एक उपकरण असले, तरी सर्व कार्यालयांना महिन्यातून एकदा आळीपाळीने वापरता येईल. दुकानातून आलेला पडदा बहुधा फार उजळ व निळसर असतो. त्यावर बरोबर दिसणारे चित्र कागदावर हमखास काळोखे येते. पडदा खिडकीसमोर ठेवू नये आणि त्यामागील भिंत शक्यतो राखी अगर पांढरी असावी. गुलाबी भिंतीच्या खोलीत बसून कोणीही रंग पारखू शकत नाही.

त्यानंतर छापखान्याला विचारावयाचे, की कोणत्या कागदावर व कोणत्या प्रोफाइलने छापणार. बहुतेक जण हा प्रश्न विचारीतच नाहीत. कागदावर शाईचा ठिपका पसरतो. फाइलमधला 50 टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवर सुमारे 65 टक्क्यांचा दिसतो, तर वृत्तपत्री कागदावर 75 च्या घरात जातो. आर्ट पेपर चारही शाया मिळून 300 टक्क्यांच्या आसपास शाई पेलतो. वृत्तपत्री कागद सुमारे 240 च्या पुढे चिघळतो व मागच्या पानावर डाग उमटतात. म्हणजे मासिकासाठी तयार केलेले छायाचित्र तसेच्या तसे वृत्तपत्रास देणे हे पावसाळी चपला लग्नात घालण्यासारखे आहे. छापखान्याचे प्रोफाइल मिळाले, की संगणकावर छपाईचा आभास पाहता येतो. पैठणीचा राणी रंग तेथेच मावळलेला दिसतो, आणि मग विणकराला आधी सांगता येते.

तरीही पडद्यावरचा आभास म्हणजे प्रूफ नव्हे. ज्यावर उभयपक्षी सही व्हावयाची ते प्रूफ कागदावरचेच हवे, आणि तेही प्रत्यक्ष छपाईचे प्रोफाइल लावून मापलेल्या यंत्रावर काढलेले हवे. अशा प्रूफाच्या कडेला रंगीत चौकोनांची एक पट्टी असते. ती उपकरणाने मोजून प्रूफ प्रमाणात आहे की नाही ते ठरते. पट्टी नसलेले प्रूफ म्हणजे कार्यालयातील साध्या प्रिंटरची प्रत. ती मजकूर वाचण्यास उत्तम, रंग पाहण्यास निरुपयोगी. या दोहोंतील फरक न जाणल्यामुळे होणारे तंटे पुष्कळ आहेत. ग्राहक साधी प्रत दाखवून "असा रंग हवा होता" म्हणतो आणि छापखाना फाइल दाखवून "असा रंग होता" म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात.

प्रूफ पाहण्याच्या प्रकाशाचेही मानक आहे. 5000 केल्विन रंगतापमानाचा, दिवसाच्या उजेडाच्या जवळचा प्रकाश. काटेकोर तुलनेसाठी सुमारे 2000 लक्स, सामान्य पाहणीसाठी 500 लक्स. असा दिवा असलेली पेटी मोठ्या मुद्रणालयांत असते. ती मागावी, संकोच करू नये. एका दिव्याखाली जुळणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली फुटून निघतात, हा अनुभव साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेणाऱ्या प्रत्येक गृहिणीस आहे. म्हणून ती दुकानदाराला कापड घेऊन दारात यावयास सांगते. रंगशास्त्राचे हे ज्ञान तिने कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही. जेथे पेटी नाही तेथे आपणही तेच करावे. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास ओसरीच्या सावलीत, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून, अंगात भडक कपडे न घालता प्रूफ पाहावे. मूळ वस्तू आणता येण्यासारखी असेल तर ती आणावी. भाताचे पान, हळकुंड, डाळिंब, विणलेला कापडाचा तुकडा हे सर्व पाकिटात मावते. ज्याने ती वस्तू पिकविली वा विणली त्यालाच प्रूफ दाखवता आले, तर उत्तम. त्याच्याइतका त्या रंगाचा जाणकार दुसरा नाही. अजिंठ्याची भिंत आणणे याझदानींना शक्य नव्हते. आपल्याला मात्र बहुतेक वेळा मूळ वस्तू सापडते, आणि तरीही आपण ती आणीत नाही.

हैदराबादला जाणे झाल्यास बाग-ए-आममधील राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला अवश्य पाहाव्यात. परतीच्या वाटेवर लेण्यांत थांबून मूळ चित्रे पाहावीत. नकलांतील आणि भिंतीवरील रंगांत फरक दिसेल, आणि पिवळ्या पडलेल्या रोगणाखालचा रंग छापावयाचा की चित्रकाराने लावला असेल तो, हा प्रश्नही उभा राहील. प्रस्तुत लेखकाचे मत असे, की पुस्तकात आज डोळ्याला दिसतो तोच रंग द्यावा. संगणकावर रोगण उतरवून पाहण्याचा प्रयोग जरूर करावा, पण तो तसा आहे हे चित्राखाली स्पष्ट लिहावे. डागाळलेल्या पानाचा डाग पुसून छापणारा आणि भिंतीचे पिवळेपण गुपचूप पुसणारा, दोघांनीही वाचकापासून एक पुरावा काढून घेतलेला असतो.

प्रूफावर शेरा लिहिताना विशेषणे टाळावीत. "चेहरा तांबूस, राखी पत्ता पाहून काढा" किंवा "पान जोडलेल्या नमुन्यापेक्षा पिवळे" असे लिहावे, म्हणजे यंत्रचालकाला कोणती शाई कमी-जास्त करावयाची ते समजते. छपाईच्या दिवशी शक्य असल्यास स्वतः हजर राहावे. पहिले काही ताव वाया जातातच. रंग स्थिरावल्यावर निघालेला ताव सही केलेल्या प्रुफाशेजारी त्याच प्रकाशात ठेवून पाहावा. ओल्या शाईची झळाळी सुकल्यावर थोडी उतरते, हेही ध्यानात घ्यावे. मान्य झालेल्या तावावर तारीख, कागदाचे नाव व वजन लिहून सही करावी. हा ताव नस्तीत टोचून न ठेवता जाड पाकिटात, उजेडापासून दूर ठेवावा, कारण शाईसुद्धा उन्हाने विटते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अधिकारी बदललेले असतात, छापखानाही बहुधा बदललेला असतो. नव्या यंत्रचालकाच्या हाती फाइलच्या आधी हा ताव द्यावा.